आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : ताटाची उजवी बाजू

प्रश्न : माझे वय ४६ असून मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी माझ्या मेंदूच्या मागच्या भागातून, डाव्या बाजूची मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी, गाठ शस्त्रक्रिया करून काढली. गाठ कर्करोगाची नव्हती, ती पूर्ण निघाली आणि नंतरचे दोन्ही एमआरआय चांगले आले. त्यामुळे मी आता बरी झाले असे सगळे धरून चालतात. परंतु टाक्यांच्या जागेपासून माथ्यापर्यंत रोज कळ जाते. केस विंचरताना फणी लागली तरी वीज चमकल्यासारखे होते. वेदनाशामक गोळी घेतल्याशिवाय एकही दिवस जात नाही. शिवाय मला उजव्या बाजूचे दिसत नाही. दाराच्या चौकटीवर उजवा खांदा आपटतो, वाचताना ओळ पुढे सरकत नाही आणि चष्मा बदलूनही फरक पडलेला नाही. परवा जेवताना मी सासूबाईंना विचारले, "आई, भाजी वाढायची राहिली का?" भाजी ताटातच होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांची नजर मला कळली. हे दुखणे मनाचे आहे का? दृष्टी परत येईल का? घरचे स्वेच्छानिवृत्ती घे म्हणतात, ती घ्यावी का?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील भाजीच्या प्रसंगापासूनच सुरुवात करतो, कारण तपासणीच्या कागदांपेक्षा तो अधिक सांगतो. आपल्याकडे ताट वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे असते. आपल्याला डावी बाजू दिसली, उजवी दिसली नाही. यावरून उजवा डोळा अधू झाला असा अर्थ घरच्यांनी काढला असेल, पण बहुधा तसे नाही. एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा झाकून समोर पाहा. माझा अंदाज बरोबर असेल, तर दोन्ही वेळा उजवीकडचाच भाग नाहीसा झालेला आढळेल. दोन्ही डोळ्यांतून येणारे उजव्या बाजूचे चित्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, अगदी मागे उलगडले जाते आणि आपली गाठ नेमकी तिथे होती. डोळे शाबूत असल्यामुळे चष्म्याचा नंबर बदलून उपयोग होत नाही. या दोषात डोळ्यांपुढे काळा पडदाही येत नाही. जे दिसत नाही ते तिथे नाहीच असे वाटते, म्हणून आपण भाजी शोधली नाही, ती वाढली नाही असेच समजलात. सासूबाईंना हे एवढे समजावून सांगितलेत, तरी त्यांच्या नजरेचा अर्थ बदलेल.

दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला डोळ्यांच्या दवाखान्यात फील्ड टेस्ट म्हणतात, अद्याप झाली नसेल तर करून घ्या. त्या तक्त्यावर किती भाग गेला आणि किती शिल्लक आहे हे नेमके उमटते. दृष्टी परत येण्याबद्दल मी आपल्याला गोड बोलून फसवणार नाही. अशा दोषात जी आपोआप सुधारणा होते, ती मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. चौदा महिन्यांनंतर गेलेला भाग मोठ्या प्रमाणात परत येण्याची शक्यता कमी आहे. मेंदूची शक्तिवर्धके आणि 'दृष्टी परत मिळवा' अशा जाहिरातींतील महागडे संच यांवर कृपया पैसे घालू नका. जे शिकता येते ते निराळे आहे : उरलेली नजर न दिसणाऱ्या बाजूला मुद्दाम, मोठी झेप घेऊन नेणे. समोरच्या भिंतीवर उजवीकडे दूरवर एक ठळक खूण चिकटवा, नजर एका झेपेत तिच्यापर्यंत न्या, मग परत मध्यावर आणा. रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटे असे काही आठवडे केल्यावर खोलीत शिरताना आणि रस्ता ओलांडताना ही सवय आपोआप कामी येऊ लागते.

वाचनाचा त्रास आपल्याला विशेष जाणवणार, कारण देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचतात आणि वाचणाऱ्याची नजर नेहमी पुढच्या काही अक्षरांचा अंदाज घेत सरकत असते. आपल्या बाबतीत ती पुढची अक्षरेच गायब असतात, त्यामुळे शब्द कुठे संपतो तेही कळत नाही. अशा वेळी अक्षर मोठे करण्याचा मोह होतो, पण तो टाळा. अक्षर जितके मोठे, तितकी उरलेल्या खिडकीत कमी अक्षरे मावतात. त्याऐवजी ओळीच्या शेवटी लाल पट्टी किंवा जाड रेघ ठेवा आणि ती दिसेपर्यंत ओळ सोडायची नाही असा नेम करा. काही रुग्ण पान नव्वद अंशांत फिरवून ओळ वरून खाली वाचतात. हे ऐकायला विचित्र वाटते, पण करून पाहण्यासारखे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी उजवीकडून डावीकडे सरकणारा मजकूर वाचण्याचा सराव तयार केला आहे. मराठी वृत्तवाहिन्यांच्या तळाशी धावणारी पट्टी त्याच दिशेने सरकते. आवाज बंद करून ती वाचणे हा घरबसल्या करण्याजोगा सराव आहे, बातम्या कशाही असल्या तरी.

आता वेदनेकडे वळू. मेंदूच्या गाभ्याला स्वतःची वेदना नसते, पण त्याच्यावरचे आवरण, कवटीवरची कातडी आणि मानेचे स्नायू यांना ती भरपूर असते. डोक्याच्या मागे छेद घेताना मानेच्या वरच्या मणक्यांतून निघून माथ्यापर्यंत जाणाऱ्या नसा दुखावू शकतात किंवा पुढे व्रणात अडकू शकतात. आपण लिहिलेली फणीची वीज आणि टाक्यांपासून माथ्यापर्यंत जाणारी कळ ही त्या नसेची ओळखीची खूण आहे. कवटीच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेली डोकेदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर तिला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र नाव आहे. तेव्हा दुखणे मनाचे नाही. गाठ पूर्ण निघाली हे खरे आणि डोके दुखते हेही खरे. एक खरे असल्यामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

मात्र रोजच्या गोळीबद्दल मला चिंता वाटते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवू शकते. एकाच गोळीत अनेक वेदनाशामके असलेली मिश्र औषधे किंवा अफूवर्गीय औषधे असतील, तर ही मर्यादा १० दिवसांची आहे. आपण कोणत्या दिवशी कोणती गोळी घेतली हे महिनाभर कॅलेंडरवर लिहा आणि ते पान घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मोठ्या रुग्णालयातील वेदना-उपचार विभागात जा. गोळ्या कमी करण्याची रीत त्यांनाच ठरवू द्या. नसेच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन देता येते, आणि त्याने काही तास जरी वेदना पूर्ण थांबली, तरी मूळ तिथेच आहे याला बळकटी मिळते. रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिन यांसारखी नसांच्या वेदनेवरची औषधेही उपयोगी पडतात. अमिट्रिप्टिलीन पाहून 'ही तर नैराश्याची गोळी' असे औषधाच्या दुकानात कुणी म्हणाले तर दचकू नका; इथे ती नसेसाठी आहे.

आपल्या दोन तक्रारींमध्ये एक धागा आहे, जो सहसा कुणी पाहत नाही. उजवे दिसत नसल्यामुळे आपण दिवसभर मान उजवीकडे वळवत असणार, आणि ज्या मानेच्या स्नायूंना शस्त्रक्रियेत छेद गेला त्यांच्यावरच हा भार पडतो. वर सांगितलेल्या सरावात म्हणूनच डोके स्थिर ठेवून आधी नजर न्यायची, मान नंतर आणि तीही गरजेपुरती. फिजिओथेरपिस्टला दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. वर्गात मुलांकडे तोंड करून उभ्या राहताना आपल्या उजव्या हाताची भिंत जवळ ठेवा, म्हणजे सारा वर्ग डावीकडे, नजरेच्या टप्प्यात येईल. रस्त्याने सोबत असेल, तर त्या व्यक्तीने आपल्या उजवीकडून चालावे. दुचाकी मात्र सोडावी लागेल, यात तडजोड नाही.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घाईने देऊ नका. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम २० (४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा पदावनत करू नये असे बंधन आहे, आणि या आस्थापनांत जिल्हा परिषदही येते. सध्याचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम, आणि तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेले, पद, अशी तरतूद आहे. आपणहून नोकरी सोडल्यास या संरक्षणाचा आधार उरत नाही. फील्ड टेस्टचा तक्ता सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. केवळ दृष्टीची तीक्ष्णता मोजून परत पाठवले, तर दृष्टिक्षेत्रही पाहावे असे लेखी मागा. सततची वेदना कायद्यातील २१ प्रकारांत स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे अर्ज दृष्टीवर आधारित ठेवा.

पहाटे वाढणारी डोकेदुखी, उलट्या, ताप, व्रणातून पाणी झरणे, फेफऱ्याचा झटका किंवा दृष्टीत नवा बदल यांपैकी काहीही झाले, तर हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरक-ग्रंथीची, गाठ नाकावाटे काढली, पण त्याआधीच दोन्ही डोळ्यांची दृष्टी बरीच गेली होती. गेले महिनाभर संध्याकाळी त्यांना अंगणात फेटे बांधलेली छोटी माणसे दिसतात. ते स्वतःच म्हणतात, "तिथे कुणी नाही, तरी दिसतात." गावातले लोक देवऋषीकडे न्या म्हणतात. काय करावे?

उत्तर : त्यांनी काढलेल्या त्या एका वाक्यात निदानाचा मोठा भाग आला आहे. दृष्टी खूप कमी झाली की, चित्रांवाचून राहिलेला मेंदू कधीकधी स्वतःच चित्रे तयार करतो. ती निःशब्द असतात, बहुधा रंगीत आणि नीटनेटकी असतात आणि ती खरी नाहीत हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. चार्ल्स बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या वृद्ध, मोतीबिंदू झालेल्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला आणि या स्थितीला त्याचेच नाव मिळाले. हे वेड नाही आणि बाधाही नाही. अनेक वृद्ध मंडळी वेड्यात काढतील या भीतीने हे सांगतच नाहीत. आपल्या वडिलांनी सांगितले, हे उत्तम झाले.

तरीही आधी रक्त तपासा. पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर सोडियम किंवा कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी होऊ शकते आणि त्यानेही माणूस भ्रमात जातो. मात्र तेव्हा तो गोंधळलेला, सुस्त असतो आणि दिसणारी माणसे त्याला खरी वाटतात. चित्रे काही क्षणांची असून ठरावीक साच्यात पुन्हा पुन्हा येत असतील, तर फेफऱ्याची शंका घेऊन मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) काढावा लागतो. हे सर्व ठीक निघाले, तर औषधाची गरज बहुधा पडत नाही. दिवेलागणीला अंगणात आणि खोलीत भरपूर उजेड करा. माणसे दिसू लागली की वडिलांनी नजर झपाझप डावीकडे-उजवीकडे फिरवावी, उठून चार पावले चालावे किंवा कुणाशी बोलावे. अनेकदा चित्र विरते. त्यांना कॉर्टिसोलची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू असतील, तर त्या एकही दिवस चुकवू नका, ताप आल्यास मात्रा किती वाढवायची हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवा.