ओहायोत स्कंक पाळायचा आहे. मांजराचं खाणं चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी कोलंबसला चाललो आहोत, लेकीला स्कंक हवाय, वासाच्या ग्रंथी काढलेलं पिल्लू मिळतं म्हणे, मग बाकी सगळं मांजरासारखंच ना, खाणंसुद्धा? स्कंक म्हणजे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, मांजराएवढा प्राणी, घाबरला की शेपटीखालून उग्र वासाचा फवारा मारतो. त्या वासाची धास्ती सगळ्यांनाच असते. पोटाचं कोणी विचारत नाही, आणि पाळलेल्या स्कंकची तब्येत बिघडते ती बहुतेक वेळा खाण्यापायीच. तुम्ही निदान विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे ठकी आहे, पट्टेवाली मादी. ती आली तेव्हाच मोठी होती. आधीचं कुटुंब कॅलिफोर्नियाला निघालं होतं आणि तिथे स्कंक पाळायला बंदी आहे. त्यांच्या घरी मांजराच्या कोरड्या खाण्याचा वाडगा दिवसभर भरलेला असायचा आणि रात्री टीव्हीसमोर मार्शमेलो. माणसं वाईट नव्हती, ठकीवर त्यांचा जीव होता. पण मादीचं वजन साधारण अडीच ते चार किलो असायला हवं आणि ठकी सातच्या वर गेली होती. पोट गालिच्याला घासायचं. चार पावलं टाकली की बसायची. तोंड शेपटीपर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे मागच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्या मी कात्रीने एकेक सोडवल्या. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी चढलीय. आणि निक्षून सांगितलं की उपाशी ठेवायचं नाही, एकदम वजन उतरलं तर यकृत आणखी बिघडेल. काय घालायचं ते बदला, वजन हळूहळू उतरू द्या.

रानातला स्कंक रात्रभर नाक जमिनीला लावून हिंडतो. हुंगतो, उकरतो, किडे, अळ्या, उंदराची पिल्लं, अंडी, बेऱ्या, पडलेलं फळ, मिळेल ते खातो. तेवढं मिळवण्यात रात्र सरते. हिवाळ्यात बिळात झोपून आठवडेच्या आठवडे काढायचे असतात, म्हणून अंगाची घडणच अशी की जादा आलेलं सगळं चरबी होऊन बसतं. घरात उकरायला जमीन नाही, थंडी हीटरने पळवलेली, आणि समोर भरलेला वाडगा. मांजर पक्कं मांसाहारी, तिच्या खाण्यातली प्रथिनं आणि चरबी तिच्या गरजेची. तेच खाणं स्कंकला रोज घातलं तर ठकीचं झालं ते होतं.

ठकीच्या ताटलीत निम्म्याहून जास्त भाजी असते: वाफवलेली फरसबी, झुकिनी, ब्रोकोली, ढोबळी मिरची, लाल भोपळा, थोडे मटार. त्यावर उकडलेलं चिकन किंवा टर्की, मीठ न घालता. कधी अंडं, कधी साधं दही चमचाभर. माशाच्या तेलाचे थेंब, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कॅल्शियम आणि टॉरिन. ही शेवटची दोन औषधं वाटतात म्हणून लोक टाळतात. टाळू नका. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात आणि मागचे पाय जातात. टॉरिन नसेल तर हृदयावर येतं. सकाळी थोडं आणि संध्याकाळी मुख्य जेवण, कारण प्राणी संध्याकाळी जागा होतो. फळ म्हणजे ब्लूबेरीचे दोन-चार दाणे. बदाम दिला तर एखादाच. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा कधीच नाही. आपल्या घरात कांदा आणि बेदाणा कशाकशात पडतो ते आठवा: पोहे, उपमा, शिरा, भाजी, आमटी. म्हणजे आपल्या ताटातलं उरलंसुरलं स्कंकला घालायची सोयच नाही.

इथे माझ्या नणंदबाई येतात.

त्या न्यू जर्सीला असतात, आमच्याकडे दिवाळीला आल्या. ठकी तोवर बरीच उतरली होती. पहिल्याच संध्याकाळी ताटली बघून म्हणाल्या, "फरसबी? अगं, मुकं जनावर ते, त्याला कसलं पथ्य!" मी समजावून सांगितलं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि नेमके हेच दिवस स्कंकच्या सगळ्यात मोठ्या भुकेचे, रानात असता तर थंडीसाठी चरबी साठवत असता. ठकी त्या दिवसांत फ्रिजच्या दाराशी ठाण मांडते. दाराच्या खालच्या कडेत नखं घालून ओढते, म्हणून आम्ही लहान मुलांसाठी मिळतं ते कुलूप बसवलंय. कोणी सोफ्यावर बसलं की मोजा ओढते. न कळणाऱ्याला वाटणारच की ही उपाशी आहे. म्हणून ताईंना म्हटलं, तिला काही द्यायचं झालं तर मला विचारा, आणि हाताने तर मुळीच नको, ताटलीत ठेवा.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर ताईंनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला होता आणि भाच्याच्या हातून ठकीला एकेक भरवणं चाललं होतं. स्कंकची नजर अधू असते, त्याचा सगळा भरवसा नाकावर. साजूक तूप आणि साखर लागलेलं बोट आणि शंकरपाळं यांत ठकीला फरक कळायचं कारणच नाही. शंकरपाळं संपलं आणि तिने बोट धरलं. पोरगं किंचाळलं, त्यासरशी ठकी सोफ्याखाली शिरली, शेपटी उभारून, पुढचे पाय जमिनीवर आपटत.

मी भाच्याचं बोट नळाखाली धरलं, साबणाने धुतलं, मग दिव्याखाली नेऊन पाहिलं. दातांचे पांढरे खळगे उठले होते, बघता बघता लाल झाले. रक्त नव्हतं. कातडी शाबूत होती. घरातले सगळे म्हणत होते, "अगं, काही नाही झालं, एवढं काय?" माझे हात कापत होते, कारण काय होऊ शकलं असतं ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

तुमच्या प्रश्नात हे नाही, पण तुम्हाला सगळ्यात आधी हेच कळायला हवं. कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवतात आणि धडधाकट राहिला तर सोडतात. स्कंकसाठी अशी मुदत ठरलेलीच नाही. रेबीजची लस अमेरिकेत स्कंकसाठी मंजूर नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर टोचतात, आम्हीही टोचून घेतो, पण कायद्याच्या लेखी तो प्राणी लस न घेतलेलाच. रानातले स्कंक या देशात रेबीज पसरवणाऱ्या मुख्य प्राण्यांपैकी आहेत, त्यामुळे आरोग्य खातं धोका पत्करत नाही. ओहायोत प्राणी चावल्याची खबर चोवीस तासांत द्यावी लागते. कातडी फाटली असती तर मी स्वतः भाच्याला दवाखान्यात नेलं असतं, तिथून खबर गेली असती, आणि रेबीज आहे का हे बघायला मेंदू तपासण्यासाठी ठकीला मारावं लागण्याची पाळी आली असती. मेंदू तपासायला प्राणी जिवंत ठेवता येत नाही. एका शंकरपाळ्यासाठी.

आणि ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "उपाशी ठेवतेस, म्हणून चावली."

ते वाक्य आमच्या घरात अजून फिरतंय. सासूबाई फोनवर विचारतात, "त्या जनावराला आता पोटभर घालतेस ना?" म्हणून इथे स्पष्ट लिहिते: त्या संध्याकाळी ठकी जेवलेली होती. चिकन, फरसबी, भोपळा आणि अर्धं अंडं. भूक हे कारण नव्हतं. बोटाला तूप लागलेलं होतं आणि सांगूनही हाताने भरवलं गेलं, हे कारण होतं.

आपल्याकडे माया दाखवायची ती खायला घालूनच. "घे गं, एवढंसं तर आहे." माणूस निदान नको म्हणू शकतो, आणि त्याचंही कोण ऐकतं! स्कंक कधीच नको म्हणत नाही. त्याचं हो ऐकून त्याला भरवायचं आणि दोन दिवसांनी आपल्या गावी निघून जायचं, याला मी माया मानत नाही. ज्याला पुढचं निस्तरायचं नसतं त्याला लाड करायला काय जातं? यकृत तपासायला गाडी मी काढते, बिल आम्ही भरतो, केसांच्या गुठळ्या मी सोडवल्या. ठकी आता चार किलोच्या आत आहे. जिना आपला आपण चढते. रात्री सगळे झोपायला निघाले की गालिच्यावर धावत सुटते, मध्येच थबकून पुढचे पाय आपटते, मागे मागे सरकते आणि पुन्हा धावते. खेळायला बोलावण्याची तिची ही रीत. सात किलोची ठकी हे करत नव्हती. मी तिला उपाशी ठेवते म्हणणाऱ्याने तिला एकदा धावताना बघावं.

बाकीचं थोडक्यात. ओहायोत राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो, पिल्लू परवानाधारक पैदासकाराकडूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. रस्त्याकडेला सापडलेलं रानातलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घरी आणू नका. पिल्लं मेच्या सुमारास जन्मतात, वासाच्या ग्रंथी पैदासकारच लहानपणी काढून देतात. ब्रिटनमध्ये ही शस्त्रक्रिया कायद्याने बंद आहे. ग्रंथी काढलेल्या स्कंकला स्वतःचं रक्षण करता येत नाही, म्हणून त्याला अंगणात मोकळा सोडायचा नाही. नसबंदी वेळेवर करा, नाहीतर विणीच्या दिवसांत नर अंगावर येतो. शी-शू तो स्वतः निवडलेल्या कोपऱ्यात करतो, तुम्ही मातीचं घमेलं तिथे नेऊन ठेवायचं, उलटं होत नाही. स्कंकच्या पोटात एक गोलकृमी असतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून घमेलं लेकीला साफ करू देऊ नका आणि विष्ठा नेमाने तपासून घ्या. पांघरुणं, टॉवेल, मोजे तो ओढून नेऊन आपलं बीळ करतो, ते करू द्या.

नोकरीचाही विचार करा. आपली माणसं दर दोन-चार वर्षांनी राज्य बदलतात आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत स्कंक पाळायला बंदी आहे. घरात तो दहा वर्षं सहज जगतो. भारतात दीड महिना जाऊन यायचं तर तेवढे दिवस तो कोणाकडे? आमच्या ओळखीत एकच घर आहे जिथे ताटलीत मी लिहून दिलेलं तेवढंच पडतं.

एक सांगायचं राहिलं. वर लिहिलेलं प्रमाण ठकीसारख्या मोठ्या, आधी लठ्ठ असलेल्या मादीचं आहे. वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त लागतं, त्याला निम्म्याहून जास्त भाजीवर ठेवलंत तर हाडांचं नुकसान कराल. मी डॉक्टर नाही, आणि भाजी किती, मांस किती यावर स्कंक पाळणाऱ्यांचंही एकमत नाही. काहीजण सर्वाहारी प्राण्यांचं तयार खाणं थोडं मिसळतात, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू शकतं. पण कुत्र्यामांजरांचे बरेच डॉक्टर स्कंकला हातच लावत नाहीत. म्हणून पैदासकाराला फोन करण्याआधी घरापासून तासाभराच्या अंतरातल्या दवाखान्यांना फोन करून विचारा की स्कंक बघता का. एकही हो म्हणाला नाही, तर लेकीला सांगा की स्कंक आणता येणार नाही.