गावापासून दूर राहून घरच्या आभाळावर लक्ष कसे ठेवावे

भंडाऱ्याकडचे गाव सोडून तुम्ही नुकतेच पुण्यात नोकरीला लागला आहात, म्हणून आधी हे सांगतो की वैनगंगेच्या पुराचा अंदाज गावातल्या पावसावरून बांधू नका. 2020 च्या ऑगस्टअखेर भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतील गावांत जे पाणी शिरले, ते मुख्यतः मध्य प्रदेशातील अतिवृष्टीचे आणि तिथल्याच वैनगंगेवरील संजय सरोवर धरणातून सोडलेले होते. त्यामुळे पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या शिवनी, बालाघाटकडचा पाऊस आणि वरच्या धरणांचा विसर्ग रोज पाहत चला. दूर बसलेल्याला हे काम उलट सोपे, कारण ऐन पुरात गावातली वीज आणि टॉवर दोन्ही अनेकदा बंद पडतात.

गारपिटीचे तसे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट साऱ्या जिल्ह्यासाठी असतो, गारा मात्र एका शिवाराला झोडपतात आणि धुऱ्यापलीकडचा हरभरा शाबूत राहतो. तेव्हा फोनवर वडिलांना घाबरवण्यापेक्षा सोंगलेल्या हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री टाकली का, तिच्या कडांवर दगड ठेवले का, एवढेच विचारावे.

विजांसाठी ‘दामिनी’ ॲप घरच्यांच्याच फोनमध्ये घालून द्या. ते फोन असेल तिथल्या 20 ते 40 किलोमीटर परिसराची सूचना देते. नुकसान झालेच, तर आवराआवर करण्याआधी फोटो काढून ठेवायला आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांना कळवायला सांगा. व्हॉट्सॲपवरचे पुराचे व्हिडिओ मात्र घरी विचारल्याशिवाय खरे मानू नका.