थर आधी, नाव नंतर

प्रिय मुली,

जुन्या संग्रहाच्या पेटीतला जबड्याचा तुकडा, त्यावर नवी प्रजाती जाहीर करण्याची चालून आलेली संधी, आणि दर काही वर्षांनी माणसाचा वंशवृक्ष बदलतो तर त्यातल्या कुठल्या फांदीवर विश्वास ठेवायचा, ही तुझी घालमेल. सगळं वाचलं. पण एवढ्या लांब पत्रात तो तुकडा जमिनीच्या कुठल्या थरातून आला, हे तू एकदाही लिहिलेलं नाहीस. माझा जीव तिथेच अडकला.

थर आधी, नाव नंतर. हे मी तुला पूर्वीही सांगितलंय, आजही तेच सांगणार.

केनियातल्या तुर्काना तलावाच्या पूर्वेला, कूबी फोरा इथे 1972 मध्ये मिळालेली 1470 क्रमांकाची कवटी आठव. ती ज्या गाळातून निघाली त्याच्या वर ज्वालामुखीच्या राखेचा थर होता, केबीएस टफ. त्या राखेचं वय आधी 26 लाख वर्षं ठरलं, म्हणजे कवटी त्याहूनही जुनी. मोठ्या मेंदूचा माणूस एकदम इतका मागे गेला म्हणून केवढा गाजावाजा झाला! पण तिथल्या डुकरांचे जीवाश्म दात इथिओपियातल्या ओमो खोऱ्यातल्या, वय ठाऊक असलेल्या दातांशी ताडून पाहिले तेव्हा हिशेब जुळेना. वर्षानुवर्षं भांडण चाललं. अखेर राखेचं वय 19 लाखांच्या आसपास आलं आणि कवटीचं सुमारे 20 लाखांवर. वय चुकलं होतं, थर चुकला नव्हता. कवटी राखेच्या खालची आहे ही नोंद पक्की होती, म्हणूनच दुरुस्ती करता आली. ती होमो हॅबिलिस या आद्य मानवप्रजातीची की होमो रुडॉल्फेन्सिसची, हा वाद अजून मिटलेला नाही. तिची जागा मात्र कुणाला हलवता आलेली नाही.

आता काब्वे बघ. झांबियातल्या त्या शिशा-जस्ताच्या खाणीत 1921 साली कवटी मिळाली, काय देखणी कवटी! पण खाणकामात टेकडीच नाहीशी झाली आणि थरांचा पुरावाही तिच्याबरोबर गेला. सुमारे तीन लाख वर्षं हे वय हाती यायला 2020 उजाडलं. जवळजवळ शंभर वर्षं ती कवटी नुसत्या अंदाजांवर या काळातून त्या काळात फिरत राहिली.

आकारावरून काळ कळतो, असं तुझे मार्गदर्शक म्हणतात म्हणे. अगं, दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या होमो नालेदी या मानवप्रजातीचं काय झालं? 2015 मध्ये नाव जाहीर झालं. एवढासा मेंदू बघून कित्येकांनी तिला वीस लाख वर्षं मागे नेऊन बसवलं. 2017 मध्ये वय निघालं 2,36,000 ते 3,35,000 वर्षं. आकाराच्या भरवशावर राहिलेल्यांना सगळी मांडणी मोडावी लागली. तुला अजून कुठला दाखला हवा आहे?

माझ्या नावावर एकही प्रजाती नाही. बरोबरीच्यांची नावं लॅटिन नावांपुढे छापलेली दिसतात तेव्हा सल उठते, तुझ्यापासून काय लपवू? तरुणपणी नदीच्या पात्रात सुटा मिळालेला एक दात माझ्याकडे आला होता. तो कुठून वाहत आला हे सांगता येईना, म्हणून त्यावर लिहायला मी नकार दिला. दुसऱ्या कुणी लिहिलं आणि त्याचं नाव झालं. मला हट्टी म्हणाले, अजूनही म्हणतात. तोच दात उद्या पुन्हा पुढे ठेवला तरी माझं उत्तर बदलणार नाही. मी आयुष्यभर जे थर मोजले, त्यांच्या नोंदी आजही वापरल्या जातात, त्या दाताचं नाव बदलून गेलं तरी. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहितोय असं तुला वाटेल. वाटू दे.

तुझी हुशारी मला ठाऊक आहे, म्हणूनच चिडतोय. सोमवारी गेल्यावर जबडा हातात घेऊ नकोस. आधी संग्रहाची जुनी नोंदवही माग. हाडाच्या खाचांत गाळ चिकटलेला असेल तर तो कुणालाही धुऊ देऊ नकोस. त्यातली खनिजं मूळ जागेच्या गाळाशी जुळवून बघता येतील. जागा सापडली तर तिथे जा, थर दिसतात ती मातीची भिंत खरवडून स्वच्छ कर, थर मोज, त्यांचं चित्र काढ. त्यात वर्ष गेलं तरी जाऊ दे. जागा सापडलीच नाही, तर तुकड्याचं वर्णन प्रामाणिकपणे छाप आणि नवं नाव देऊ नकोस. मार्गदर्शक रागावले तर हे पत्र त्यांना दाखव.

तुझा,
सर