भर पावसात सह्याद्रीतल्या जंगलात पाचोळा उपसूनही स्लाइम मोल्ड (बुरशीसारखे दिसणारे, पण बुरशी नसलेले अमीबासारखे जीव) का दिसत नाहीत? घरी वाढवता येतात का?

येतात, आणि सूक्ष्म जाती तर घरीच जास्त हाती लागतात.

जमिनीवरचा पाचोळा पावसाळ्यात सतत चिंब असतो, तिथे बुरशीचं फावतं. प्लाझमोडियमला (स्लाइम मोल्डचा सरपटणारा, चिकट टप्पा) ओल लागते खरी, पण फळं (बीजाणू तयार करणारे इवले भाग) धरायला आणि बीजाणू उडायला मधूनमधून सुकावं लागतं. म्हणून नमुने घेताना मान वर करा: फांद्यांत, वेलींत अडकलेली वाळकी पानं, झाडावरच सुकलेले फुलोरे. कोस्टा रिकात हेलिकोनियासारख्या झाडांच्या कुजत्या फुलोऱ्यांवर खास वस्ती सापडली आहे. वरचा आणि खालचा पाचोळा वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भरून सावलीत वाळवा. प्लास्टिकमध्ये ठेवलात तर दोन दिवसांत सगळं बुरसटतं.

९ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये (झाकणाची उथळ बशी) फिल्टर पेपर, त्यावर पानांचे २-३ सेंमीचे तुकडे, एकच थर. डिस्टिल्ड पाण्यात २४ तास बुडवून ठेवा, मग जादा पाणी पूर्ण ओता आणि पीएच (आम्लता) नोंदवा. बोअरचं जड पाणी वापरलंत तर तो आकडा फसवा येतो. डिश उन्हापासून दूर, २२-२५ अंशांवर. चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा, दोन-तीन महिने बघा. कागद सुकू लागला तरच थेंबभर पाणी.

पहिल्या आठवड्यात पांढरी लव येतेच, डिश फेकू नका. खरी वाट लावतं ते साचलेलं पाणी. दुसरे शत्रू माइट (कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव): रात्रीत फळं फस्त करतात.

मायक्रोस्कोपखाली आधी प्लाझमोडियमच्या शिरांचं जाळं दिसतं, त्यातला प्रवाह मिनिटभराने उलटा फिरतो. अशा वेळी हात आवरा! दुधाळ, मऊ फळं उचललीत तर ती वेडीवाकडी सुकतात आणि ओळख पटत नाही. रंग पक्का झाल्यावर झाकण किंचित उघडून हळूहळू सुकवा. झाकणाची आतली बाजूही तपासा, प्लाझमोडियम तिथवर चढतं. नमुना काड्यापेटीत चिकटवून आठवडाभर उणे २० अंशांवर ठेवलात की माइट मरतात.

बहुधा आधी राखाडी, २-३ मिमीची आर्सिरिया सिनेरिया भेटेल. पानांवर चुन्याची पांढरी चकती दिसली तर डिडर्मा हेमिस्फेरिकम तपासा. जाती मोजताना एका डिशमधली एक जात म्हणजे एक नोंद, फळं कितीही असोत. रिकाम्या डिशही लिहून ठेवा, त्यांच्याशिवाय वरच्या आणि खालच्या पाचोळ्याची तुलना होत नाही. फ्युलिगो सेप्टिकासारखे मोठे मात्र डिशमध्ये क्वचितच येतात. त्यांच्यासाठी उघडीप पडली की कुजके ओंडके बघा.