ओट्याचा दगड वाकला. दुकानदार म्हणतो मिस्त्री, मिस्त्री म्हणतो दुकानदार

चिंचवडच्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं: "चौदा महिन्यांपूर्वी बिल्डरने दिलेला ओटा काढून हिरव्या मार्बलचा ओटा करून घेतला. दगडाचे ५५,००० ठरले. ४६,००० यूपीआयने दिले, ९,००० बाकी ठेवले. मिस्त्री दुकानदारानेच पाठवला, मजुरीचे १४,००० त्याला वेगळे दिले. तिसऱ्याच आठवड्यात पुढची कड उचलल्यासारखी वाटली. दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, मिस्त्री येऊन 'बसेल हळूहळू' म्हणून गेला. आता मध्ये खोलगट होऊन पाणी साचतं आणि सिंकच्या कोपऱ्यात बारीक तडा गेलाय. दुकानदार म्हणतो, दगड कधी वाकतो का, फिटिंगच चुकलं. मिस्त्री म्हणतो, माल खराब. पावती कच्ची, त्यावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय. आता दुकानदार म्हणतो, बाकीचे ९,००० सोडले, तक्रार नाही असं लिहून द्या. लेकीचा साखरपुडा आहे, मिस्टर म्हणतात ओटा फोडू आणि ग्रॅनाइट टाकू. बिल्डरवर रेरात जाता येईल का?"

ताई, सगळ्यात आधी मिस्टरांना थांबवा. ओटा काढायला माझी हरकत नाही, कसा काढायचा तेही पुढे सांगते. पण आत्ता तो वाकलेला दगडच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. फोडून राडारोड्यात गेला की तुमच्याकडे नुसते फोटो उरतील, आणि फोटोत पाच-सहा मिलीमीटरचा बाक नीट दिसत नाही. अशा प्रकरणांत ग्राहक हरतो तो बहुतेक वेळा इथेच. आणि 'तक्रार नाही' या कागदावर सही करू नका. त्या एका ओळीने तुमचा ६०,००० चा दावा ९,००० त विकला जाईल.

दगड वाकतो का, यावर दुकानदार इतका ठाम आहे म्हणून सांगते: वाकतो. शिकागोमधल्या ८३ मजली एऑन सेंटरला सत्तरच्या दशकात इटलीतल्या कॅराराचा पांढरा मार्बल लावला होता. त्याच्या पातळ लाद्या बाहेरच्या बाजूला फुगल्या, आणि १९९० ते १९९२ या काळात सगळ्या काढून तिथे ग्रॅनाइट बसवावा लागला. तिथलं कारण उन्हा-थंडीचं होतं, तुमच्याकडचं वेगळं आहे. आपल्याकडे हिरवा मार्बल म्हणून जो विकला जातो, राजस्थानातला केशरियाजीचा किंवा उदयपूरचा, तो बहुतेक वेळा खरा मार्बल नसतोच. तो सर्पेंटाइन जातीचा दगड असतो. त्याला एका बाजूने ओल लागली की तेवढी बाजू किंचित फुगते, दुसरी होती तेवढीच राहते, आणि पातळ दगड वाकतो. म्हणूनच हा दगड सिमेंटच्या ओल्या मालावर बसवत नाहीत, पाणी नसलेल्या इपॉक्सी गोंदाने चिकटवतात. दगडाच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट माहीत असायला हवी.

आता बाक कुठल्या दिशेला आहे ते बघा, कारण जबाबदार कोण हे त्यावरून बरंच कळतं. खालची बाजू फुगली तर कडा वर येतात आणि मधे खोलगट होतं. तुमचं वर्णन नेमकं हेच आहे. वरून गरम भांडं ठेवल्याने किंवा पाणी सांडल्याने वाकला असता तर उलट मधला भाग वर आला असता. आणि खालचा आधार खचला असता, म्हणजे प्लायवूड फुगलं किंवा कडप्प्याची उभी फळी सरकली, तर दगड सहसा वाकत नाही, एका बाजूला कलतो किंवा सांध्यात तुटतो. म्हणजे संशय खालच्या ओलीवर जातो. ती एक तर सिमेंटच्या मालाची असेल, नाहीतर सिंकखालच्या गळतीची. तिसऱ्याच आठवड्यात कड उचलली हे पाहता मला सिमेंटच्या मालाची शक्यता जास्त वाटते. तरी सिंकखालचा पाइप कोरड्या कागदाने पुसून तपासा. तिथे गळती निघाली तर दुकानदाराचा वकील पहिलं बोट तिकडेच दाखवेल.

मोजणी अशी करा. गवंड्याकडे अॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी असते, ती ओट्यावर लांबीत आडवी ठेवा. पट्टी दोन्ही टोकांना टेकेल आणि मधे फट दिसेल. त्या फटीत जुनी एटीएम कार्डं एकावर एक सरकवा. एक कार्ड साधारण पाऊण मिलीमीटर जाड असतं, म्हणजे आठ कार्डं गेली तर सहा मिलीमीटर. शेजारी स्टीलची मोजपट्टी धरून फोटो काढा, पाणसळ ठेवून आणखी एक काढा. हे घरच्यासाठी झालं. ग्राहक आयोगापुढे मात्र सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्टचा सहीशिक्क्याचा अहवाल हवा. त्यात दगड कोणता, जाडी किती, बाक किती आणि कुठल्या दिशेला, खाली माल कसला आणि त्यांच्या मते कारण काय, एवढं आलं पाहिजे. त्यासाठी जाणारे दोन-चार हजार खर्चात मागता येतात.

आता कायदा. तुमच्या पत्रातल्या व्हॉट्सअॅपबद्दल एक विचारते: खरेदीच्या आधी तुम्ही त्याला 'हा किचन ओट्याला चालेल ना' असं विचारलं होतं का, आणि त्याने 'चालेल' म्हटलं होतं का? ते सापडलं तर तुमची बाजू फार भक्कम होते. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार गिऱ्हाइकाने वापर सांगितला असेल, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल आणि तो त्याच्या नेहमीच्या धंद्यातला असेल, तर त्या वापराला माल योग्य असण्याची अट कायदाच गृहीत धरतो. तशी चॅट नसली तरी ओट्याची मापं घेऊन, सिंकची खाच कापून दगड दिला हाच वापर माहीत असल्याचा पुरावा. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडू.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीला घाबरू नका. रंग आवडला नाही म्हणून परत आणलेल्या मालाला ती ओळ लागते, सदोष मालाला नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये सदोष माल परत न घेणं आणि पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणं हीसुद्धा. त्यामुळे पावती कच्ची आहे ही अडचण तुमच्यापेक्षा त्याचीच जास्त. यूपीआयची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे, ती काढून ठेवा.

दुकानदार आणि मिस्त्री एकमेकांवर ढकलतात, म्हणून आपण दोघांनाही विरुद्ध पक्ष करायचं. दगड ओलीला नाजूक आहे हे दुकानदाराने सांगितलं नाही. तो सिमेंटवर बसवला असेल तर ती चूक मिस्त्रीची, आणि मिस्त्री पाठवला दुकानदाराने. कोणाचा वाटा किती हे त्यांनी आयोगापुढे सांगावं, तुम्ही त्यांच्यात निवड करायची गरज नाही. मिस्त्री बहुधा हातावर पोट असलेला माणूस असेल. त्याने 'मला सिमेंटवरच लावायला सांगितलं होतं' असं लिहून दिलं तर ते तुमच्या फार कामाचं आहे. त्याच्याशी भांडू नका.

बाकी ठेवलेले ९,०००: वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे मालाची हमी मोडल्याबद्दलची रक्कम किमतीतून वजा मागता येते. पण गप्प बसून पैसे ठेवून घेतले तर उद्या तो म्हणेल, या बाईंनीच पैसे बुडवले. म्हणून नोटिशीत स्पष्ट लिहा की दोषामुळे ही रक्कम राखून ठेवली आहे.

बिल्डरचं लवकर सांगते. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीच्या कायद्याच्या कलम १४(३) मध्ये ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पण हा ओटा त्याचा नाही, तुम्ही त्याचा काढून टाकलात. भिंतीतल्या त्याच्या पाइपातून ओल आल्याचं इंजिनिअरने लिहिलं तर विषय वेगळा. नाहीतर तिकडे वेळ घालवू नका.

आता मिस्टरांचा साखरपुड्याचा प्रश्न. घर महिनोन्‌महिने तसंच ठेवावं असं कायदा म्हणत नाही. उलट करार अधिनियमाच्या कलम ७३ नुसार नुकसान ठरवताना ते टाळायला तुमच्या हाती काय उपाय होते हेही बघतात. दोघांना स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस पाठवा आणि तीच व्हॉट्सअॅपवरही टाका. मजकूर साधा: दोष काय, मागणी काय, आणि पंधरा दिवसांत येऊन पाहणी करावी, न आल्यास अमुक तारखेला ओटा काढला जाईल. त्या दिवशी इंजिनिअर, सोसायटीतले दोन शेजारी आणि एक व्हिडिओ करणारा हजर ठेवा. दगड उचलल्यावर तो उलटा करून पाठीचा फोटो घ्या. पाठीला करडा सिमेंटचा थर घट्ट बसलेला दिसेल, नाहीतर इपॉक्सीचे ठिपके. एक तुकडा, निदान फूटभर, खालच्या मालासकट पोत्यात बांधून त्यावर सगळ्यांच्या सह्यांची चिठ्ठी लावा. पुढे आयोगाला वाटलं तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ खाली हाच नमुना प्रयोगशाळेत जाऊ शकतो.

आहे तोच ओटा दुरुस्त करण्याबद्दल: कडेवर वजन ठेवून दाबायला कोणी सांगितलं तर नको म्हणा. सिंकची खाच ही दगडाची सगळ्यात कमकुवत जागा, तिथला तडा आरपार जाईल. वरून घासून सपाट करायचा तर अठरा मिलीमीटरच्या दगडातून सहा मिलीमीटर जातील आणि कडा पातळ होतील. मला यात पैसे घालण्यासारखं काही दिसत नाही. नव्या ग्रॅनाइटचं कोटेशन पक्क्या बिलाच्या दुकानातून घ्या. नवा दगड आधार सपाट करूनच टाका आणि सिंकच्या कडा खालून सिलिकॉनने बंद करा.

मागायचं किती? दिलेले ४६,०००, मजुरीचे १४,०००, ओटा काढण्याचा आणि अहवालाचा खर्च, मानसिक त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. नव्या ओट्याची पूर्ण किंमत शिवाय मागू नका, एका नुकसानीचे दोनदा पैसे मिळत नाहीत. तुम्ही चिंचवडला राहता, म्हणून दुकान कुठेही असलं तरी तक्रार पुणे जिल्हा आयोगात चालते. मोबदला, म्हणजे मालासाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल फी शून्य. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील लावणं सक्तीचं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. काही दुकानदार तेवढ्यावरच बोलायला तयार होतात.

वेळेबद्दल खरं सांगायला हवं. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, याची तयारी ठेवा. आणि मुदत तुमच्याकडे अमर्याद नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ ची दोन वर्षं मी तिसऱ्या आठवड्यातल्या तुमच्या पहिल्या फोटोपासून मोजते, म्हणजे सुमारे दहा महिने उरले. दुकानदार 'बघतो, पाठवतो' म्हणत राहिला तरी ही मुदत पुढे सरकत नाही. त्याने तडजोडीला बोलावलं तर जरूर जा, पण रक्कम खात्यात आल्यावरच सही करा, आणि कागदावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या.

नोटिशीचा कच्चा मसुदा आणि ती चॅट मला पाठवा. साखरपुड्याची तारीखही कळवा, म्हणजे पंधरा दिवस मागे मोजून नोटीस कधी निघायला हवी ते सांगते.