घोडा चढवतात, चाप ओढतात

परभणीहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. ते आणि त्यांचे चार-पाच मित्र मिळून जुने वेस्टर्न सिनेमे बघतात आणि मग रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. शेवटी दोघे रस्त्यात समोरासमोर उभे राहतात, ज्याने आधी घोडा दाबला तो जिंकला, असं खरंच होत होतं का? यावर दोन तट आहेत. त्यातून शब्दाचा वाद निघाला. एकजण या प्रसंगाला 'चकमक' म्हणतो. दुसरा म्हणतो, चकमक पोलिसांची असते, हे 'द्वंद्व'. शिवाय असा प्रसंग 'वास्तववादी' म्हणावा की 'वास्तविक', हेही त्यांनी विचारलंय.

उत्तर आधी देऊन टाकतो. दोघेच असतील तर द्वंद्व. दोन टोळ्या भिडल्या तर चकमक. वेस्टर्नला 'पाश्चात्त्य चित्रपट' म्हणू नका, ते पश्चिमेकडच्या सगळ्या जगाचे सिनेमे नाहीत, अमेरिकेच्या पश्चिम मुलखाचे आहेत. 'वेस्टर्न' म्हणा, सगळ्यांना कळतं.

पण प्रश्नातल्या 'घोडा दाबला' या दोन शब्दांवरून मला पुढं जाता येईना. हे मी रोज ऐकतो. डब केलेल्या सिनेमात ऐकतो, बातम्यांत वाचतो, परवा एका कथेतही वाचलं. घोडा दाबत नाहीत हो! घोडा चढवतात, चाप ओढतात. चाप म्हणजे बोटाखालची कळ. केसांना लावायचा चाप आठवा, दाबून धरणारी वस्तू. आणि घोडा म्हणजे बंदुकीच्या मागच्या अंगाला असलेला तो वाकडा तुकडा, जो अंगठ्याने मागं ओढायचा आणि चाप ओढल्यावर जो पुढं येऊन आदळतो. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी कामं. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणू लागले, तिथून हा घोळ वाढला असं मला वाटतं.

आता चकमक आणि घोडा यांचं नातं सांगतो. ते कळलं की प्रश्नाचं उत्तर आपोआप कळेल.

आमच्या आबांच्या चंचीत पान, सुपारी, चुना यांच्या खाली एक लहान पिशवी असायची. तिच्यात बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना आत वळवलेला लोखंडाचा तुकडा, वावरात सापडलेली एक राखी रंगाची गार आणि आधीच थोडा जाळून काळा केलेला कापूस. बालाघाटाच्या अंगाला आमचं वावर, तिथं नांगरामागं अशा गारगोट्या ढिगानं निघतात. काडेपेटी घरात होती, पण रानात वारा असला की आबा हेच काढत. डाव्या हातात गार, तिच्या कडेला अंगठ्याने कापूस दाबून धरायचा आणि उजव्या हातातल्या लोखंडाने वरून खाली तिरका घाव. दोन-तीन घावांत कापसाला लाल ठिपका दिसायचा, मग फुंकर, मग चिलीम. मी लेकरू होतो, मला वाटायचं ठिणगी दगडातून निघते. नाही. ठिणगी लोखंडाची असते. गारेची धार लोखंडाचा बारीक कण खरवडते आणि तो कण तापून पेटतो. एकट्या गारेतून काही निघत नाही, एकट्या लोखंडातूनही नाही.

आबा या कामाला 'चकमक झाडणे' म्हणत. 'चकमक झाडली' म्हणजे आग काढली.

हा शब्द तुर्की आहे. तुर्की भाषेत 'चाकमाक' हे क्रियापद आहे. अर्थ: ठोकणे, आदळणे, चमकणे. वीज चमकते तेव्हाही तिथं हेच क्रियापद वापरतात. नाम म्हणूनही हाच शब्द चालतो आणि आजच्या तुर्कस्तानात दुकानात 'चाकमाक' मागितला की सिगारेटचा लायटर मिळतो. तिथल्या एका नामवंत सेनापतीचं आडनावच चाकमाक होतं, फेवझी चाकमाक. फारसीत हाच शब्द 'चखमाक़', उर्दूत 'चक़माक़'. आमच्या भागात 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, म्हणून हैदराबादी दखनी बोलणारी जुनी माणसं हा शब्द घशातून, दोन्ही 'क़' 'ख'सारखे काढून म्हणायची. मराठीने तो आपल्या जिभेला सोपा करून घेतला.

काही विद्वान सांगतात की चकमक हा आपला देशी अनुकरणवाचक शब्द, चकचक, चकाकी, लखलख यांच्या कुळातला. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. तसं असेल तर चकमक 'चकाकायला' हवी होती. पण मराठीत चकमक कधीही चकाकत नाही. ती 'उडते' आणि 'झडते'. दोन गावकीच्या पुढाऱ्यांत चकमक उडाली, सीमेवर चकमक झडली. उडते ती ठिणगी, झडते तीही ठिणगीच. क्रियापद सोबत घेऊन शब्द आलाय, तरी तुम्ही त्याच्या आवाजाच्या मागं लागता? व्युत्पत्ती आवाजाने ठरवायची नसते, शब्द कुणाच्या संगतीत वावरतो ते बघायचं असतं.

आणि इथंच मला माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगायची आहे. आपण गोळी 'मारतो', गोळी 'घालतो', पण गोळी 'झाडतो' का म्हणतो? झाडू झाडायचा, अंथरूण झाडायचं, झाड झाडून चिंचा पाडायच्या. गोळीचा झाडण्याशी काय संबंध? माझं ठाम मत आहे की ते 'झाडणे' चकमकीतून आलंय. जुनी बंदूक डोळ्यांसमोर आणा. आधी तोड्याची बंदूक होती, पेटत्या दोरीची. नंतर चकमकीची आली. तिच्या घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा आवळून बसवलेला असायचा. घोडा अंगठ्याने मागं ओढायचा, तो तिथं अडकून राहायचा. चाप ओढला की घोडा पुढं झेप घ्यायचा, तोंडातली गार समोरच्या पोलादी पट्टीवर घासायची, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेट घ्यायला ठेवलेल्या दारूवर झडायच्या आणि तिथून आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून आत जायची. म्हणजे बंदूक उडवणारा माणूस प्रत्यक्षात काय करत होता? चकमक झाडत होता. आबांनी चिलमीसाठी जे केलं, तेच. चकमक झाडली की गोळी सुटते, म्हणून गोळी झाडली. गार गेली, टोपीच्या बंदुका आल्या, मग पितळी काडतुसं आली, पण क्रियापद राहिलं.

घोड्याचंही असंच. या तुकड्याला इंग्रजीत आणि जर्मनमध्ये कोंबडा म्हणतात, रशियनमधला शब्दही कोंबड्यावरूनच आला. फ्रेंच आणि इटालियनमध्ये तो कुत्रा. स्पॅनिश लोकांनी आणखी कमाल केली, चापाला मांजरीचं पिल्लू म्हटलं. प्रत्येकाने आपल्या दारातलं जनावर बंदुकीवर बसवलं. कोंबडा चोच मारतो, कुत्रा तोंडात धरतो. आपण घोडा बसवला. का? एक मत असं की घोडा म्हणजे आधार देणारी चौकट, इस्त्रीची घोडी किंवा सुताराचा घोडा असतो तसा. हे मत मला मुळीच मान्य नाही. चौकट जागची हलत नाही, ती स्थिर असते म्हणूनच आधार देते. बंदुकीचा घोडा तर हलण्यासाठीच असतो. अंगठ्याने मागं ओढलेला घोडा बाजूने बघा. मान वर, अंग मागं झुकलेलं, पुढचे पाय उचललेला घोडा दिसतो. चाप ओढला की तो पुढच्या पायांवर खाली येतो. ज्या मुलखात शिलेदार आणि बारगीर होते, तिथल्या माणसाला दुसरं काय दिसणार? आणि घोडा 'चढवतात' हेही बघा. चौकट कुणी चढवत नाही.

आता सिनेमाकडे. वेस्टर्नमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते कोल्टचं 1873 चं सहा गोळ्यांचं पिस्तूल. त्यात दर गोळीला अंगठ्याने घोडा चढवावाच लागतो, नुसता चाप ओढून काही होत नाही. म्हणून हिरोने एका हाताने धडाधड सहा बार उडवले आणि अंगठा जागचा हलला नाही, तर तिथं खोटेपणा आहे असं खुशाल म्हणा. दुसऱ्या हाताच्या तळव्याने घोडा सपासप मागं मारत गोळ्या सोडणारा दाखवला असेल तर यंत्र म्हणून ते बरोबर आहे, नेम मात्र लागणं कठीण. 'शोले'त गब्बर तीन गोळ्या हवेत झाडून पिस्तुलाचं चक्र फिरवतो आणि मग त्या चक्रातल्या रिकाम्या घरावर 'खट्' होतं. तो खट् घोड्याचा. घोडा आदळला, पण समोर गोळी नव्हती. पडद्यावर घोडा म्हणजे काय हे कुणाला दाखवायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि धूर! त्या काळची बंदुकीची दारू काळी होती, धूर सोडणारी. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये 1884 साली निघाली. त्याआधी बंद दारूगुत्त्यात चार-पाच बार झाले की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. सिनेमात मात्र पंचवीस बार होऊनही भिंतीवरचा आरसा लख्ख दिसतो. तुमच्या मित्रांपैकी जो 'हे खरं वाटत नाही' म्हणतो, त्याने रस्त्यातल्या सामन्यापेक्षा या धुरावर बोट ठेवावं.

कारण रस्त्यातला सामना खरंच घडलाय. 21 जुलै 1865, मिसूरीतलं स्प्रिंगफील्ड, गावचा चौक. वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट, जुगाराच्या देण्यावरून आणि एका खिशातल्या घड्याळावरून वाद. दोघांत जवळजवळ 70 मीटर अंतर. टट मेला. हे द्वंद्व. 'द्वंद्व' या शब्दातच 'दोन' आहे, तिथं तिसऱ्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट 26 ऑक्टोबर 1881 ची, ॲरिझोनातल्या टूम्स्टोनची. ओके कोरल नावाने ती जगभर गाजली, जरी गोळीबार कोरलच्या, म्हणजे जनावरांच्या वाड्याच्या, आत नाही, बाजूच्या एका अरुंद मोकळ्या जागेत झाला. एका बाजूला तीन अर्प भाऊ आणि डॉक हॉलिडे, दुसऱ्या बाजूला पाच जण, त्यांतले दोघे पळाले. जेमतेम 30 सेकंद, साधारण 30 गोळ्या, 3 मेले, तिघे जखमी. काही पावलांवरून एकमेकांवर झाडलेल्या गोळ्या. दोन्हीकडून घाव, दोन्हीकडून ठिणगी. ही चकमक.

म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राला सांगा, चकमक पोलिसांच्या मालकीची नाही. उलट पोलिसांच्या बातमीत 'एन्काउंटर'ला सरसकट चकमक म्हणायची आणि त्यावरून 'चकमकफेम अधिकारी' असा शब्द पाडायची जी सवय लागलीय, तिचा मला राग येतो. गार आणि लोखंड दोन्ही लागतात. दोन्हीकडून गोळ्या सुटल्या तर ती चकमक, एकाच बाजूने सुटल्या तर तो गोळीबार. बातमीदाराला काय घडलं ते ठाऊक नसेल तर 'गोळीबार' लिहावं, तो शब्द कुठंच खोटा पडत नाही.

राहिलं वास्तववादी आणि वास्तविक. 'वास्तववादी' हे सिनेमाचं, कथेचं, दिग्दर्शकाच्या पद्धतीचं विशेषण आहे. अख्खा सिनेमा वास्तववादी असू शकतो, एक गोळी वास्तववादी नसते. 'वास्तविक' आपण बोलताना 'खरं पाहता' या अर्थी वापरतो, वास्तविक मी काल येणार होतो, तसं. तुमच्या वादात दोन्ही नकोत. प्रसंग 'खरा वाटतो' किंवा 'पटतो' म्हणा, आणि पटत नसेल तर का ते अंगठा आणि धूर दाखवून सांगा.