लॉसचा दिवा लाल का?

प्रश्न : महालक्ष्म्यांच्या कोठ्या मांडायला राउटरचं टेबल भिंतीकडे सरकवलं, तेव्हापासून नेट बंद आहे. वायफायचा दिवा हिरवागार, फोनमध्ये सगळ्या रेघा भरलेल्या. ‘पॉन’चा दिवा विझलेला आणि ‘लॉस’चा लाल उघडझाप करतो. मुलगा म्हणतो, मागच्या भोकात पिन घालून रीसेट मारू. मारू द्यावं का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी त्याच्या हातातली पिन काढून घ्या. हे मी स्वतः करून बसलोय. बहिणीच्या घरी मानवतला मोठ्या ऐटीत रीसेट दाबलं आणि राउटरच्या डब्यात भरलेलं कनेक्शनचं नाव, पासवर्ड सगळं पुसलं गेलं. माणूस येईपर्यंत तीन दिवस भाच्याची बोलणी खाल्ली. मूळ दुखणं निराळंच होतं, उंदराने वायर कुरतडली होती.

वायफायचा हिरवा दिवा फक्त घरातलं सांगतो. हापसा ठणठणीत आहे, पण बोअरला पाणी नाही, तशातली गत. लॉस लाल म्हणजे बाहेरून फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही.

तुमच्या टेबलामागे बघा. डब्यात जाणारी पातळ पिवळी वायर कुठेतरी दबली असणार. माझं आयुष्य तांब्याच्या तारा जोडण्यात गेलं. ती तार कशीही वाकवा, डायल टोन यायचा. हिच्या पोटात मात्र केसासारखी काच आहे. वायर काटकोनात मुडपली की प्रकाश त्या वळणावरच बाहेर सांडतो. टेबल ओढा, वायर हलक्या हाताने मोकळी करा, वेटोळं चहाच्या बशीएवढं तरी ठेवा. टोक उपसून त्यात डोकावू नका. येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटर तरंगलांबीचा, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, बोटाचं तेल काचेवर बसतं.

जमलं तर लॉस विझेल, कंपनीशी जोडणी दाखवणारा पॉन थोडा वेळ लुकलुकेल आणि मग स्थिर होईल. लुकलुकतोय तोवर डबा पलीकडच्या कंपनीच्या यंत्राकडे आपली नोंद करत असतो, तेवढ्यात स्वीच बंद-चालू करू नका.

नाहीच विझला, तर शेजारी विचारा. त्यांचंही गेलं असेल तर वायर रस्त्यावर तुटलीय. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की लोंबत्या केबली हमखास ओढल्या जातात. तक्रार देताना ‘नेट चालेना’ म्हणू नका, ‘लॉस लाल आहे’ म्हणा. मग फोनवर तुम्हाला दहादा डबा बंद-चालू करायला लावत नाहीत, येणारा माणूसही फायबर जोडायचं मशीन घेऊन निघतो.

डब्यावर ‘5जी’ असाही दिवा असेल. तो मोबाईलवाला 5जी नव्हे, 5 गिगाहर्ट्झचा वायफाय. वेग चांगला, पण दगडी भिंत आली की दमतो.

आणि पॉन स्थिर होऊनही ‘इंटरनेट’चा दिवा लालच राहिला, तर वायरीला सोडा, रिचार्ज कधी संपला ते बघा.